घुमट-आरती ५.१ मध्ये बांधताना: आधी सहा वाटा, मग जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात घुमट-आरतीचं आठ माइकांवर ध्वनिमुद्रण झालं: मुख्य गायक, तीन घुमटं (मडक्याला कातडं ताणून केलेलं तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळे (झांजा) आणि मागच्या खांबांपाशी लावलेली माइकांची जोडी. ते आता रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.१ करायचं आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या आवाजांचा एक सबवूफर अशा सहा वाटांचं. गायकाचा ट्रॅक मोकळा आहे, बाकीचे सात ‘वाद्यं’ नावाच्या फोल्डरात (आतले ट्रॅक एकत्र करून पुढे नेणारा ट्रॅक) आहेत. मागची जोडी पॅनरवर (आवाजाची दिशा ठरवणारं साधन) मागे ओढली की ऐकूच येईनाशी होते. मधोमध ठेवलेला गायक सबवूफरमधून घोगरा येतो. आणि शेवटचा प्रश्न, घुमटं श्रोत्याभोवती गोल मांडावीत का?

सध्या पॅनरला हात लावू नका. दोन्ही दोष पॅनरच्या पुढच्या वाटेत आहेत, आणि ते एकमेकांशी संबंधित नाहीत.

गायक सबवूफरपर्यंत पोचतोय, म्हणजे मास्टर (सगळे ट्रॅक शेवटी जिथे मिळतात तो ट्रॅक) दोनपेक्षा जास्त चॅनेलांचा आहे. तो दोनच चॅनेलांचा असता तर मधला आवाज तिथेच गळाला असता. मग मागची जोडी कुठे हरवते? फोल्डरात. रीपरमध्ये नवा ट्रॅक दोन चॅनेलांचा असतो, आणि त्याचा फोल्डर केला तरी तो दोनचाच राहतो. आतल्या ट्रॅकवर सहा चॅनेल असले, पॅनर नीट चालत असला, तरी फोल्डर फक्त १ आणि २ पुढे सोडतो. ३ ते ६ वरचं जे काही आहे ते पुढच्या स्पीकरांत मिसळत नाही, सरळ नाहीसं होतं. मागे ओढताच आवाज मरतो तो म्हणूनच. फोल्डरचं रूटिंग (आवाज कुठून कुठे जातो ती खिडकी) उघडा, ट्रॅक चॅनेल ६ करा, आणि पालक ट्रॅककडे जाणारा मार्ग १–६ असा आहे ना ते बघा. फोल्डरात फोल्डर असेल तर प्रत्येक पायरीवर हेच करायचं. मधली एक पायरी जरी दोनची राहिली तरी सगळं तिथेच अडतं.

दुसरा दोष चॅनेलांच्या क्रमाचा. ५.१ चे सहा चॅनेल कोणत्या ओळीने मोजायचे याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिली: डावा, उजवा, मधला, एलएफई (फक्त खालच्या आवाजांचा, सबकडे जाणारा चॅनेल), डावा मागचा, उजवा मागचा. वेव्ह फाइल याच क्रमाने लिहिली जाते, तुम्हीही हाच धरून चाला. दुसरी सिनेमाची, प्रो टूल्स हे सॉफ्टवेअर आतून हीच वापरतं: डावा, मधला, उजवा, डावा मागचा, उजवा मागचा, एलएफई. तिसरी डीटीएस या सराउंड ध्वनिपद्धतीची: डावा, उजवा, डावा मागचा, उजवा मागचा, मधला, एलएफई. पॅनर एका क्रमाने लिहितो आणि स्पीकर दुसऱ्या क्रमाने जोडलेले असतात, तेव्हा घोटाळा होतो. गायक कुठून ऐकू येतो त्यावरून घोटाळा ओळखता येतो. पॅनर सिनेमाच्या क्रमात असेल तर मधला गायक उजव्या स्पीकरमधून येईल आणि डावा मागचा आवाज सबमधून. पॅनर डीटीएसच्या क्रमात असेल तर गायक डाव्या पाठीमागून गाईल. तुमचा गायक सबमध्ये आहे. म्हणजे फक्त ३ आणि ४ ची अदलाबदल झाली आहे, बाकी क्रम बरोबर आहे. याची नेहमीची कारणं दोन. एक, इंटरफेसच्या (संगणक आणि स्पीकरांमधलं ध्वनियंत्र) तीन आणि चार नंबरच्या केबली उलट्या खोचल्या आहेत. दोन, एचडीएमआयने रिसीव्हरला (स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) जोडलंय आणि ड्रायव्हर चॅनेल एचडीएमआयच्या स्वतःच्या क्रमाने देतोय. त्या क्रमात एलएफई तिसरा आणि मधला चौथा असतो.

इथे एक चूक फार सहज होते, म्हणून जरा थांबून सांगतो. ही अदलाबदल पॅनरमध्ये दुरुस्त करू नका. तिथे केली तर तुमच्या खोलीत सगळं बरोबर ऐकू येईल, पण फाइलमध्ये मधला आवाज चौथ्या चॅनेलवर लिहिला जाईल आणि दुसऱ्या कुणाच्याही घरी गायक सबमध्येच जाईल. प्रोजेक्टच्या आत क्रम कायम एकच. दुरुस्ती शेवटच्या टोकाला करायची: केबल बदलून, नाहीतर मास्टरच्या हार्डवेअर आउटपुटवर.

आता वाट नव्याने कशी बांधायची ते. आधी रीपरच्या ऑडिओ डिव्हाइस सेटिंगमध्ये इंटरफेसचा असिओ ड्रायव्हर निवडा आणि आउटपुटची मर्यादा १ ते ६ नव्हे, १ ते ८ ठेवा. ७–८ पुढे लागणार आहेत. मास्टर ट्रॅकला सहा चॅनेल द्या. हार्डवेअर आउटपुट जोडताना सहा चॅनेलांचा पर्याय निवडून १–६ ला न्या, आणि आधीपासून असलेलं १/२ चं आउटपुट काढून टाका. ते राहिलं तर पुढचे दोन स्पीकर दोनदा वाजतात, म्हणजे ६ डेसिबल मोठे. मग मागचा आवाज कमी वाटतो म्हणून लोक मागचा फेडर वर चढवत बसतात. मास्टरच्या आधी एक ‘५.१ बस’ नावाचा सहा चॅनेलांचा फोल्डर ठेवा आणि गायकासकट सगळं त्यात घाला. रीपरचा मास्टर दुसऱ्या ट्रॅकला सेंड (आवाजाची जादा वाट) देत नाही, आणि स्टिरिओ तपासायला आपल्याला सेंड लागतील.

सेंडमध्येही एक फसगत आहे. नवा सेंड मुळात १/२ कडून १/२ कडे जातो. रिव्हर्बच्या (खोलीचं घुमणं देणारं साधन) ट्रॅकला सेंड दिला, ट्रॅक सहाचा केला, तरी त्यातून दोनच वाटा वाहतात. सेंडच्या यादीत स्रोत बहुचॅनेल, सहा, असं मुद्दाम निवडावं लागतं.

हे झालं की पॅनर न लावता तपासणी करा. फोनवर स्वतःच्या आवाजात सहा छोटे तुकडे रेकॉर्ड करा: ‘डावा पुढचा’, ‘उजवा पुढचा’, ‘मधला’, ‘एलएफई’, ‘डावा मागचा’, ‘उजवा मागचा’. सहा ट्रॅकांवर ते ठेवा, त्यांचा पालक ट्रॅककडे जाणारा मार्ग बंद करा आणि प्रत्येकाला बसच्या एकेका चॅनेलवर मोनो सेंड द्या. वाजवा. प्रत्येक नाव आपापल्या जागेवरून आलं पाहिजे. मग हीच सहा चॅनेलांची फाइल रेंडर करून नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडा आणि लाटा डोळ्यांनी बघा: सहा ओळींत एकाखाली एक, पायऱ्यांसारखे सहा तुकडे दिसायला हवेत. या कामाला दहा मिनिटं लागतात. ही फाइल जपून ठेवा. पुढे कुठल्याही सभागृहात किंवा दुसऱ्याच्या स्टुडिओत गेलात तर आरती वाजवण्याआधी ही वाजवा.

स्पीकर कसे मांडलेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पॅनिंगचा निम्मा निकाल तिथेच लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पुढचे दोन ३० अंशांवर, मधला शून्यावर, मागचे ११० अंशांवर (१०० ते १२० चालतात), सगळे एकाच वर्तुळावर. दीड मीटरची सुतळी घ्या, एक टोक बसायच्या जागी धरा. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासूनही बरोबर दीड मीटरवर येतील. मागचे तुमच्या बाजूला १.४१ मीटरवर आणि पाठीमागे फक्त ५१ सेंटिमीटरवर. म्हणजे ते जवळजवळ कानांच्या रेषेत आहेत, खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत नाहीत. आपल्याकडच्या घरांत सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि मागचे स्पीकर कोपऱ्यात खिळ्याला टांगलेले. तशा मांडणीवर केलेलं मिश्रण दुसरीकडे बाजूंनी पोकळ वाटतं. अंतर सारखं ठेवता येत नसेल तर रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरा. आपल्या तीस अंशांच्या उकाड्यात आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर जातो, त्यामुळे ७० सेंटिमीटर जवळ असलेला मागचा स्पीकर २ मिलिसेकंद आधी बोलतो आणि आवाजाचं चित्र स्वतःकडे ओढून घेतो.

पातळी लावताना −२० डेसिबल आरएमएसचा (सरासरी पातळीचा) पिंक नॉइज, म्हणजे तपासणीचा सलग सळसळता आवाज, एकेका स्पीकरमधून सोडा. फोनवरचा मापक सी-वेटिंग आणि स्लो वर ठेवून बसायच्या जागी पाचही स्पीकर सारखे करा. लहान खोलीत ७८–७९ डेसिबल पुरे. फोनचा आकडा खरा असेलच असं नाही, पण पाच स्पीकरांची आपसांत तुलना करायला तो चालतो.

एलएफई आणि सबवूफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलएफई हा फाइलमधला चॅनेल आहे, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा, आणि ऐकवताना त्याला १० डेसिबल जास्तीचे मिळतात. सबवूफर हे खोलीतलं यंत्र. लहान स्पीकरांना न पेलणारा ८० हर्ट्झखालचा भाग रिसीव्हर स्वतःच सबकडे वळवतो. आरतीला एलएफईची गरज नाही. घुमटाचा खालचा हुंकार एलएफईत टाकला तर घरी तो भारी वाटेल, पण बहुतेक स्टिरिओ उतारे (सहा चॅनेल दोनांत मिसळून केलेली आवृत्ती) एलएफई सरळ टाकून देतात. मोबाइलवर ऐकणाऱ्याला घुमटाचं फक्त कातडं ऐकू येईल, मडकं ऐकू येणार नाही. हुंकार मुख्य चॅनेलांतच राहू द्या. एलएफई रिकामा असला तरी फाइल ५.१ च असते.

आता जागा. घुमटं श्रोत्याभोवती गोल मांडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आपले कान समोरच्या दिशेबद्दल चोख आहेत आणि बाजूबद्दल कच्चे. डाव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या स्पीकरच्या मध्ये, म्हणजे ७० अंशांवर ठेवलेलं घुमट तिथे बसत नाही. मान थोडी वळली की ते पुढे नाहीतर मागे उडी मारतं. पाठीमागून येणारा तीक्ष्ण ठोका माणसाला वळून बघायला लावतो, आणि आरतीत मन गर्भकुडीकडे, म्हणजे गाभाऱ्याकडे असायला हवं. भक्त देवाकडे तोंड करून उभा आहे, वाजवणारे पुढे नि दोन्ही बाजूंना, आणि पाठीमागे सभामंडप, चिऱ्याच्या भिंती, टाळ्या वाजवणारी माणसं. हीच मांडणी ५.१ मध्येही खरी वाटते.

गायक मधल्या चॅनेलमध्ये ठेवा. अगदी चिकटवल्यासारखा वाटला तर डाव्या-उजव्यातही थोडा सोडा, पण मधल्यापेक्षा निदान ९ डेसिबल खाली. तीन स्पीकरांतून सारख्याच पातळीवर सोडला तर बाजूला बसलेल्याला तीन अंतरांवरून एकच आवाज येतो, काही स्वर खाल्ले जातात आणि गळा पत्र्यासारखा होतो. मधलं घुमट शून्याजवळ, पण मधल्या चॅनेलमध्ये नको. डाव्या-उजव्याच्या आभासी मध्यात ठेवा, म्हणजे ते गायकाच्या मागे उभं राहतं आणि त्याला झाकत नाही. बाजूची दोन घुमटं ३५–४० अंशांवर, मागच्या चॅनेलमध्ये निसटतं, −१२ डेसिबलच्या आसपास. शामेळ डावीकडे २० अंशांवर, कासाळे उजवीकडे २०–२५ वर. ही दोन्ही बोचरी वाद्यं आहेत, त्यांना मागे पाठवूच नका. त्यांच्या माइकांवर १०० ते १२० हर्ट्झखालचं कापा, कारण तिथे जे येतं ते शेजारच्या घुमटाचंच असतं आणि घुमटाची जागा पुसट करतं.

घुमटाचा एक ठोका जवळून ऐका. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात तो ‘टक्’ अगदी लहान. त्यानंतर मागच्या तोंडावरचा डावा तळवा उघडला की मडक्यातली हवा मोकळी होते आणि ‘घूंऽ’ मागाहून फुलतो. जागा कळते ती ‘टक्’वरून, भरीवपणा येतो ‘घूं’वरून. म्हणून कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) लावताना अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. ‘टक्’ दाबला गेला तर कितीही पॅन करा, घुमट दिशाहीन होतं. २०१९ मध्ये गोव्याने याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्याचा खरा आवाज, मडक्यासकट, नोंदीत उतरावा ही काळजी घेण्यासारखीच गोष्ट आहे.

मागची जोडी हाच या कामाचा जीव. ती वादकांपासून साधारण ७ मीटरवर असेल तर तिच्यात ठोका २० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा उशीर ‘दुरुस्त’ करू नका. जो आवाज आधी येतो त्याच दिशेला कान विश्वास ठेवतो, त्यामुळे घुमट पुढे राहतं आणि मागून फक्त मंडप उमटतो. लाटा जुळवायला ट्रॅक पुढे सरकवलात तर वाद्यं डोक्यात येऊन बसतील. अंतर १२ मीटर असेल तर मात्र उशीर ३४ मिलिसेकंदांचा होतो आणि ठोका दुहेरी ऐकू येतो. तेव्हा जोडी १०–१५ मिलिसेकंद पुढे घ्या, त्याहून जास्त नाही. पातळी अशी ठेवा की मागचं वाजतंय हे जाणवत नाही, पण म्यूट केल्यावर खोली एकदम आखडते. वेगळा रिव्हर्ब बहुधा लागणारच नाही. लागलाच तर दोन स्टिरिओ रिव्हर्ब घ्या, एक पुढे आणि एक मागे, प्रीडिले (घुमणं सुरू होण्याआधीचा उशीर) वेगवेगळे, समजा २० आणि ३५ मिलिसेकंद. एकच रिव्हर्ब चारही कोपऱ्यांत सोडला तर तो गोळा होऊन मधे पडतो.

प्रक्रियांचा क्रम: ईक्यू (खालचे-वरचे आवाज कमीजास्त करणारं साधन) आणि कॉम्प्रेसर पॅनरच्या आधी, ट्रॅक मोनो असतानाच. पॅनरनंतर सहा चॅनेल होतात आणि स्टिरिओ प्लगइन फक्त १/२ ला हात लावतं. बसवर साधा स्टिरिओ कॉम्प्रेसर ठेवला तर जोरदार ठोक्याला पुढचे दोन स्पीकर दबतात, मधला आणि मागचे दबत नाहीत, आणि प्रत्येक ठोक्याला चित्र मागे झोकांडी खातं. प्लगइनच्या पिनांची जाळी उघडून सहाही खुणा आहेत का ते बघा, आणि सहांना एकत्र दाबणाराच कॉम्प्रेसर वापरा. मल्टिचॅनेल ट्रॅकवरचा साधा पॅन नॉब मध्यावरच राहू द्या.

पालखी किंवा घंटेसाठी आवाज फिरवायचा मोह झाला तर तो कडेकडेने, वर्तुळावरून फिरवा. पॅनरच्या ठिपक्याला मधोमधून नेलं तर तो क्षणभर सगळ्याच स्पीकरांत पसरतो आणि दिशा हरवते. पुढून मागे जायला सहा-आठ सेकंद तरी द्या.

आता ७–८ नंबरचं आउटपुट. ‘उतारा’ नावाचा स्टिरिओ ट्रॅक करा, त्याचा मास्टरकडे जाणारा मार्ग बंद करा आणि हार्डवेअर ७/८ वर हेडफोन लावा. ५.१ बसवरून त्याला मोनो सेंड द्या: १ कडून १ ला आणि २ कडून २ ला, दोन्ही ० डेसिबल, ३ कडून १ ला आणि २ ला, दोन्ही −३, ५ कडून १ ला −३, ६ कडून २ ला −३. ४ नाही. बहुतेक लोक तुमची आरती अशीच ऐकणार आहेत. इथे मंडपाचा आवाज पुढे येऊन ठोके चिखलात गेल्यासारखे वाटले तर मागची जोडी २–३ डेसिबल खाली घ्या आणि तिच्यातलं २०० हर्ट्झखालचं थोडं कमी करा. उताऱ्यात शिखरं सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ७.७ डेसिबलपर्यंत चढू शकतात, म्हणून ५.१ मध्ये कोणताही चॅनेल काठोकाठ भरू नका. मोठेपणा मोजताना हेही माहीत असू द्या की आयटीयूच्या बीएस.१७७० या मोजणीच्या पद्धतीत मागचे चॅनेल सुमारे दीड डेसिबल जास्त धरले जातात आणि एलएफई मोजलाच जात नाही.

रेंडर करताना चॅनेल ६, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. ही फाइल मिनिटाला जवळजवळ ५२ मेगाबाइट होते आणि साध्या वेव्हची ४ गिगाबाइटची मर्यादा सुमारे ८२ मिनिटांत संपते. चवथीच्या रात्रीचा अख्खा कार्यक्रम एका फाइलमध्ये हवा असेल तर आरएफ६४ हा मोठ्या फाइलींसाठीचा वेव्हचा प्रकार निवडा. यूट्यूबसाठी ५.१ एएसी (आकार दाबून लहान केलेला फाइलप्रकार) करताना ५१२ केबीपीएस ठेवा. एएसीच्या आत क्रम वेगळा असतो, मधला चॅनेल पहिला, पण तो बदल एन्कोडर स्वतः करतो. आपण आधीच चॅनेल उलटेसुलटे करून दिले तर पुन्हा गायक हरवेल.

पुढे कधी न्युएंडो किंवा क्युबेस प्रो वापरलंत तर ऑडिओ कनेक्शनमध्ये ५.१ ची आउटपुट बस केली आणि ट्रॅक तिकडे वळवला की पॅनर आपोआप बदलतो. लॉजिकमध्ये चॅनेल स्ट्रिपचं आउटपुट सराउंड केलं की पॅन नॉबच्या जागी सराउंड पॅनर येतो. प्रो टूल्समधून आणलेल्या सुट्या मोनो फाइलींची नावं नीट वाचून त्या आपल्या क्रमात लावा. तिथेही सहा शब्दांची ती फाइल आधी वाजवायची.

पहिल्यांदा फोल्डरचे चॅनेल आणि ३–४ ची केबल बघा. ते झाल्यावरही मागची जोडी गप्पच राहिली तर बसच्या मीटरवर ५ आणि ६ हलतात का ते तपासा. हलत असतील तर दोष रीपरच्या बाहेर, इंटरफेसमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये आहे.